खोट शंखात नव्हती

मित्रांनो, मी एक जुना शंख आहे. रायपूरला तात्यापारा या मराठी वस्तीत यशवंतरावांच्या देवघरात राहतो. पूजेचा शंख वेगळा बरं का! तो अडणीवर गुपचूप बसतो, अभिषेकाचं पाणी घेतो, गंधफूल लावून घेतो. मी वाजवायचा शंख. मला गप्प बसणं जमत नाही आणि खोटं बोलणं तर मुळीच जमत नाही. याच खोडीमुळे एकदा माझ्या जिवावर बेतलं होतं. ती हकीकत तुम्हाला सांगतो.

माझा जन्म दूर दक्षिणेच्या समुद्रातला. तेव्हा माझ्या पोटात एक मऊ जीव राहायचा. तो गेला, लाटांनी मला किनाऱ्यावर लोटलं आणि एका कारागिराने उचललं. त्याने माझा शेंडा कापला आणि तोंड घासून गुळगुळीत केलं. दुखलं का म्हणता? चांगलंच दुखलं! पण त्या कापलेल्या तोंडातूनच मला वाचा मिळाली. पुढे रामेश्वरच्या एका दुकानात मी सात-आठ भावंडांसोबत बसलो होतो. यशवंतराव रेल्वेत गार्ड. रेल्वेच्या पासवर बायकोला, इंदूबाईंना घेऊन यात्रेला आलेले. त्यांनी एकेक शंख फुंकून पाहिला. दुकानदार पार वैतागला. माझी पाळी आली आणि मी असा काही वाजलो, की दारातली गाय दचकून पळाली. "हाच!" यशवंतराव म्हणाले. लोकरी मोज्यात गुंडाळून त्यांनी मला रायपूरला आणलं.

मित्रांनो, शंखाला स्वतःचा आवाज नसतो. वाजवणाऱ्याच्या छातीत जेवढा दम, तेवढाच मी. यशवंतरावांची छाती म्हणजे लोहाराचा भाता! आरती संपली की ते मला ओठांना लावायचे आणि एका दमात इंदूबाईंचं ओवाळणं अकरा वेळा व्हायचं. कोपऱ्यावरचा मिठाईवाला माझ्या आवाजावर घड्याळ लावायचा. फार मानाचे दिवस होते ते.

पुढे यशवंतरावांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी ताकीद दिली, आता फुंकायचं नाही. मग मी त्यांच्या मुलाच्या, सुशीलच्या हातात आलो. सुशील गुणाचा माणूस. बापासारखाच दम. त्यानेही अकरा ओवाळण्या सहज गाठल्या आणि माझा जीव भांड्यात पडला.

दोन हजार साली छत्तीसगढ वेगळं राज्य झालं आणि आमचं रायपूर राजधानी. सुशीलची बदली नव्या मंत्रालयात झाली. भोपाळहून फायलींचे गठ्ठेच्या गठ्ठे येत होते, बसायला धड खुर्च्या नव्हत्या. बिचारा संध्याकाळी थकून यायचा. ऑफिसातले दोघे-तिघे सोमवारी नदीकाठच्या एका साधूच्या मठीत जात, त्यांच्यासोबत हाही जाऊ लागला. तिथे चिलीम फिरायची. गांजाची. हातात देताना म्हणायचे, "भोलेबाबाचा प्रसाद आहे, नाही म्हणू नये." याने प्रसाद म्हणून घेतली. मग सोमवारला गुरुवार जोडला गेला, आणि वर्षभरात रोजचंच होऊन बसलं.

घरात कोणालाच पत्ता नव्हता. मला होता. मित्रांनो, त्याचं तोंड रोज माझ्या तोंडाला लागायचं! तो वेलदोडा चघळून यायचा, पण त्या धुराचा उग्र वास माझ्या पोटात शिरायचा आणि सकाळपर्यंत जायचा नाही. ओठ कोरडे, श्वास गरम, छातीत कफाची घरघर. मी ओरडून सांगायला हवं होतं. पण सांगणार कसा? त्यानेच फुंकलं तर मी बोलणार!

अकराच्या आठ ओवाळण्या झाल्या. आठाच्या पाच झाल्या. सकाळी उठला की अर्धा तास खोकायचा. यशवंतराव विचारायचे, "काहून रे सुशील, दम कुठं गेला तुया?"

"धूळ आहे ना बाबा. राजधानी होऊन राहिली, जिकडं तिकडं खोदून राहिले."

आणि सगळ्यांना पटायचं! रस्ते उकरलेले होतेच. अख्खं शहर खोकत होतं. धुळीवर खापर फोडणं किती सोपं.

मग विसरभोळेपणा सुरू झाला. एका सकाळी अंगणातून आरडाओरडा ऐकू आला, "स्कूटर चोरीला गेली!" सुशील पोलिसात जायला निघाला. त्याची बायको माया शांतपणे म्हणाली, "अहो, काल तुम्ही रिक्षाने आले ना." स्कूटर ऑफिसात जिथल्या तिथे उभी होती. सगळे हसले. माया तेवढी हसली नाही. ती एकटी असताना देवघरात यायची आणि नुसती बसायची. तिच्या डोळ्यांत मी भीती पाहिली आहे. सुशीलची छाती कधी कधी बसल्याबसल्या धडधडायची, जेवताना घास हातात राहायचा, विचारलं तर खेकसायचा. तिला वाटत होतं, यांना टीबी झाला. तेच इंदूबाईंना वाटत होतं. पण तोंडातून शब्द काढायची हिंमत कोणाची नव्हती.

अशी तीन-चार वर्षं गेली आणि गणपती आले. पहिल्याच आरतीला घर भरलं. शेजारचे बाबाराव, मंडळी, पाहुणे. सुशीलने मला उचललं, छाती भरली आणि फुंकलं. माझ्यातून काय निघालं म्हणता? फुस्स! पंक्चर झालेल्या ट्यूबसारखं. पोट्टे खिदळले. त्याने पुन्हा फुंकलं. पुन्हा फुस्स, आणि वर खोकल्याची उबळ.

बाबारावांनी मला हातात घेतलं, उलटंपालटं केलं, चष्मा पुसून पाहिलं. "अरे, याले तर चीर गेली! हे पाहा."

मित्रांनो, ती रेघ माझ्या जन्मापासूनची! समुद्रात वाढताना पडलेली. पण चार जणांनी बोट फिरवलं आणि चौघांनाही चीर लागली. बाबाराव म्हणाले, "खंडित शंख घरात ठेवू नये यशवंतराव. गणपतीसोबत तलावात शिरवून टाका." यशवंतरावांचा चेहरा उतरला. तरी ते "हव" म्हणाले. आणि सुशील? त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. दोष त्याचा नाही, शंखाचा! मला त्याचा असा राग आला म्हणून सांगू.

पाच दिवस मी कोपऱ्यात पडून होतो. कोणी पुसलं नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी गणपतीसोबत मला पिशवीत घातलं आणि बुढा तलावावर आणलं. माझं तर धाबं दणाणलं. समुद्रात जन्मलेला मी, पण आता पाण्याची भीती वाटत होती. एकदा तळाच्या गाळात गेलो की संपलं. आणि मी गेल्यावर सुशीलचं खरं कोण सांगणार?

गणपती बाप्पा पाण्यात गेले. सुशीलने पिशवीतून मला काढलं. हात उचलला.

"थांबा." मायाने त्याचं मनगट धरलं. "एकदा मले वाजवून पाहू द्या."

"अवं माया!" इंदूबाई दचकल्या. "बायकांनी शंख वाजवू नये."

"आई, माझ्या माहेरी रेल्वे कॉलनीत बंगाली घोषकाकी रोज दिवेलागणीला वाजवत. मी त्यांच्याजवळच शिकली. अन् तुम्ही तर याले फेकूनच देऊन राहिले. मग आता कायचं पाप?"

मायाने पदराने माझं तोंड पुसलं, ओठांना लावलं आणि फुंकलं.

मित्रांनो, काय सांगू! कितीतरी वर्षांनी माझ्या पोटात स्वच्छ वारा शिरला. मी वाजलो. असा वाजलो, की तलावाच्या पलीकडच्या काठावरची माणसं वळून पाहू लागली. माया थांबेचना. इंदूबाईंची बोटं आपोआप ओवाळण्यांच्या तालावर मोजत होती. चौदा! यशवंतरावांच्या अकरावर तीन जास्त.

मी गप्प झालो तेव्हा यशवंतरावांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"शंख तर चांगला आहे रे," ते हळूच म्हणाले.

सुशीलने घाईघाईने मला हिसकावलं, फुंकलं. फुस्स. मग जी खोकल्याची उबळ आली, ती थांबेना. तो ओल्या पायरीवरच बसला. छाती हाताने दाबून धरली होती. माया त्याच्या पाठीवर हात फिरवत होती.

"बाबा," दम लागत लागत तो म्हणाला, "मी चिलीम ओढतो. रोज. चार वर्षं झाली. वाटलं, झाडपाला आहे, देवाचा आहे, त्याने काय होते. दारू नाही, सिगरेट नाही... मी काय व्यसनी आहे?" आणि तो रडायला लागला.

मला वाटलं, आता यशवंतरावांचा हात उठणार. ते खाली वाकले आणि त्यांनी मुलाला खांद्याला धरून उभं केलं. "चाल. डॉक्टरकडं चाल. आत्ता."

मला पिशवीत टाकायचं भान मायालाच राहिलं, म्हणून पुढचं मी ऐकू शकलो. डॉक्टर ज्ञानदा आमच्याच तात्यापाऱ्यातली पोरगी. बोलायची मात्र अर्धं मराठी, अर्धं हिंदी. तिने छाती तपासली, फोटो काढायला लावला, थुंकी तपासायला पाठवली. दोन दिवस घरात चूल पेटली तेवढंच, जेवलं कोणी नाही. तिसऱ्या दिवशी सगळे पुन्हा तिच्यासमोर बसले. मी मायाच्या मांडीवर. आता मला पिशवीत ठेवायला ती तयार नव्हती.

"टीबी नहीं है," डॉक्टर म्हणाली.

इंदूबाईंनी हुंदकाच दिला. माया तर इतकी सैल झाली, की मी मांडीवरून घरंगळता घरंगळता वाचलो. "बापा रे बापा," यशवंतराव कपाळ पुसत राहिले.

मग डॉक्टरने समजावून सांगितलं. धूर म्हणजे धूरच, मग तो कोणत्याही पाल्याचा असो. रोजच्या गांजाने सुशीलच्या श्वासनळ्या सुजल्या होत्या, म्हणून खोकला, कफ, धाप. छातीची धडधड त्यानेच. विसरणं, लक्ष न लागणं, चिडणं, तेही त्यानेच. काहींच्या तर डोक्यात भलत्याच शंका भरतात, भास होतात. कोवळ्या वयात सुरू केलं तर डोक्याचं नुकसान जास्त. "आणि सवय लागत नाही म्हणतात ना? लगती है भैया," ती म्हणाली. "पण तुम्ही वेळेवर आलात. सोडलं तर बरंच काही भरून येईल."

सोडणं सोपं नव्हतं, मित्रांनो. खोटं कशाला बोलू? पहिले पंधरा दिवस त्याला झोप नव्हती, भूक नव्हती. वरणभाताचं ताट ढकलून द्यायचा. रोज संध्याकाळी यशवंतराव त्याला स्वतः ऑफिसातून घ्यायला जात. दिवाळीनंतर एकदा तो घसरला, पुन्हा मठीत जाऊन आला. पण घरी येऊन त्याने स्वतःच सांगितलं. माया रडली, मग चहा ठेवला. डॉक्टर म्हणाली, पडलात तर पुन्हा उठा, लपवू नका. तो पुन्हा उठला. दोनेक महिन्यांत सकाळचा खोकला कमी झाला. उन्हाळ्यापर्यंत तो फायलींचे नंबर तोंडपाठ सांगू लागला, आणि इंदूबाईंच्या हातची भाकर दोनाच्या ठिकाणी तीन खाऊ लागला.

पुढच्या गणपतीत त्याने मला उचललं तेव्हा घरातल्या सगळ्यांनी श्वास रोखला होता. माझ्या पोटात आलेला वारा कोमट होता, स्वच्छ होता. त्यात धूर नव्हता. नऊ ओवाळण्या झाल्या. अकरा नाही झाल्या, पण यशवंतरावांनी डोळे मिटून घेतले आणि इंदूबाईंनी माझ्यावर आणि सुशीलवर, दोघांवरही मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. दुसऱ्या दिवशी वाजवायची पाळी मायाची होती. आता बायकांनी वाजवू नये असं आमच्या घरात कोणी म्हणत नाही. उलट इंदूबाईच बाबारावांना बोलावून ऐकवतात.

मित्रांनो, माझ्यात चीर आहे का, हे चार माणसांनी बोट फिरवून पाहिलं. सुशीलच्या छातीला मात्र चार वर्षांत कोणीही कान लावला नव्हता. तुमच्या घरात कोणी असा खोकत असेल, विसरत असेल, उगाच खेकसत असेल, तर धुळीला नावं ठेवू नका. त्याच्याजवळ बसा, पाठीवरून हात फिरवा आणि विचारा. रागावून नाही, मायेनं विचारा. तो आधी खोटंच सांगेल. तुम्ही उठू नका, तिथेच बसून राहा.