गुरुवारी घट्ट बसलेले दार

मी एक जुने दार आहे. कमरेपर्यंत ओकचे लाकूड, वर काच. सुताराने मला विदिन गावातल्या दातांच्या दवाखान्यासाठी बनवले होते, पण तिथे मी एक इंच मोठे भरले. म्हणून मला शेजारच्या पुस्तकांच्या दुकानाला बसवले. मित्रांनो, साहित्याशी माझा संबंध आला तो या एका इंचामुळे. पुष्कळ लेखकांचा याहून किरकोळ कारणाने येतो.

दुकान गल्लीतल्या सगळ्यांचे होते, म्हणजे सांभाळत एकटा दोब्रिन होता. दर गुरुवारी सहा वाजता तो लेखनवर्ग घेई आणि महिन्यातून एकदा कुणाचे तरी वाचन ठेवी. श्रोते साधारण सहा. त्यातले दोघे शेगडीच्या उबेसाठी येत. एकदा राजधानीहून आलेल्या कवीने चार माणसे आणि एका कुत्र्यापुढे दोन तास कविता वाचल्या. कुत्रा मध्यंतरात गेला. माझी स्तुती आयुष्यात एकदाच झाली. विम्याचा माणूस म्हणाला, "दार मजबूत आहे. आतल्याचं काही सांगता येत नाही."

तरीही माझ्यापुढे रोज माणसे थांबत. आमच्याकडे कुणी वारले की त्याचा फोटो, नाव आणि दोन ओळी काळ्या चौकटीत छापून तो कागद दारांवर, झाडांवर, बसथांब्यावर चिकटवतात. चाळीस दिवसांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा. निम्मे गाव कामासाठी स्पेनला गेले, उरलेले हळूहळू माझ्या काचेवर आले. काचेतून आतले काही दिसेनासे झाले.

लेखनवर्गात वेलिका नावाच्या बाई होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, पोस्टातून निवृत्त. सहा वर्षांत त्यांनी एकच गोष्ट लिहिली. एकोणीस वर्षांपूर्वी आई वारली तेव्हा घरातले मिरच्या भाजायचे यंत्र नाहीसे झाले. धाकटी बहीण गिंका म्हणाली, तूच नेलेस. वेलिका म्हणाल्या, चोरीला गेले. तेव्हापासून दोघी एकाच गावात राहून बोलत नव्हत्या. यंत्र वेलिकांच्या माळ्यावर होते. गोष्ट एवढीच होती.

"मावशी, फोन करून सांगून टाका ना," दोब्रिन म्हणाला.

"फोनवर माझी मला लाज वाटते. गोष्टीत कशी, कुणा दुसरीचीच वाटते."

तेव्हा वाचन ठरले. गिंकाने यावे, ऐकावे, एवढीच वेलिकांची इच्छा होती. जाहिरातीसाठी दोब्रिनने फोटो मागितला. वेलिकांकडे एकच चांगला होता. आमच्याकडच्या सगळ्या म्हाताऱ्यांसारखा त्यांनीही तो मेल्यानंतरच्या कागदासाठी काढून ठेवला होता. प्रिंटरमध्ये फक्त काळी शाई होती. कागद उघडा वाटतो म्हणून दोब्रिनने भोवती काळी चौकट काढली. खाली लिहिले: गुरुवार, सहा वाजता, पुस्तकांचे दुकान. आणि काचेवर जागा मिळाली तिथे, दोन मयतांच्या मध्ये, तो चिकटवला.

त्रेचाळीस माणसे आली. दोब्रिनला वाटले, साहित्याला चांगले दिवस आले. प्रत्येकाच्या हातात फुले होती, दोन, चार किंवा सहा. मेलेल्यांना सम संख्येतच नेतात.

पहिला आला तो मासेवाला स्पास. वेलिका समोरच खुर्चीत होत्या.

"अगं, तू तर बसली आहेस."

"मग काय करू?"

"नाही, बस, बस. कळवायचं तरी."

"काय?"

"की तू आहेस म्हणून." त्याने जरा विचार केला. "वाचन किती वेळ चालेल?"

"अर्धा तास."

"मग मी फुलं परत नेतो. शनिवारी एकाकडे लागणार आहेत."

एकेक करून एकोणचाळीस जण गेले. जिवंत माणसासाठी अर्धा तास कुणाकडे नव्हता. मग काळा रुमाल बांधून, रडत रडत गिंका आली. दारातच तिने दोब्रिनचा हात धरला.

"शेवटी माझ्याबद्दल काही बोलली का रे?"

"अजून बोलायच्या आहेत. बसा ना."

गिंकाने वर पाहिले.

"गिंके, बस," वेलिका म्हणाल्या. "थोडंसं वाचते."

"मला बोलवायला मेलीस?"

"अगं, मी नाही, त्या प्रिंटरनं..."

"आधी यंत्र, आता हे. आता खरी मेलीस तरी येणार नाही." आणि तिने मला धाडकन लावून घेतले.

मित्रांनो, ती गेली नाही. ती माझ्या बाहेर उभी राहिली, पाठ माझ्या लाकडाला टेकून. आत वेलिका चार माणसांपुढे वाचू लागल्या. त्यांनी सगळे वाचले. "यंत्र माझ्या माळ्यावर आहे, गिंका. ये आणि घेऊन जा," हेही वाचले.

चाळीस वर्षे माझ्या फटीतून वारा येई आणि आतला शब्द न् शब्द बाहेर जाई. लोक मला शिव्या देत, पण दुरुस्त कुणी केले नाही. त्या दिवशी सकाळी दोब्रिनने, वेलिकामावशींना गार वारा लागू नये म्हणून, माझ्या चारी कडांना लोकरीचा जाड नमदा ठोकला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी नीट बसले. एक अक्षर बाहेर गेले नाही. गिंकाने कान लावून पाहिला. काचेवर इतके मेलेले होते की आतून तिची सावलीही दिसली नाही. पंचवीस मिनिटांनी ती गेली.

"थांबलीसुद्धा नाही," वेलिका दोब्रिनला म्हणाल्या. त्या पुन्हा वर्गाला आल्या नाहीत. पुढच्या वसंतात दुकान बंद झाले. मला अजून कुणी काढलेले नाही, कारण एका इंचामुळे मी दुसरीकडे कुठे बसत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या असे मी सांगावे अशी रीत आहे. मी ते सांगणार नाही. माझी एकदाच घेतली गेली. तुमच्यापैकी कुणी विदिनला गेलात, तर वेलिकांना सांगा की गिंका थांबली होती. आणि गिंकाला माळ्यावरचे सांगा. मी सांगितले असे मात्र म्हणू नका. आणि जरा लवकर जा. दोघींनीही आपापला फोटो काढून ठेवला आहे.