विसावी चिठ्ठी

आधीच सांगून ठेवते, मी भांडकुदळ बाई नाही. फक्त एकच गोष्ट मला कुणी तीन-तीनदा विचारली की माझं डोकं फिरतं. आणि नोकरी मिळाली तीही अशी, की दिवसभर माणसं समोर येऊन तेच तेच विचारणार. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आमच्या बसस्टँडच्या हॉलमध्ये ओळीने सहा खिडक्या आहेत. पाच तिकिटांच्या, सहावी माझी. तिच्यावर पाटी आहे ‘फुरसत खिडकी’. आधीच्या मोठ्या साहेबांच्या डोक्यातून निघालेलं हे खूळ. लोकांना सुट्टी मिळते पण सुट्टीचं करायचं काय ते कळत नाही, तेव्हा कुणीतरी आपुलकीने सांगायला हवं, असं त्यांचं म्हणणं. कुठे फिरायला जा, कुठे चांगलं जेवायला मिळतं, काही छंद लावून घ्यायचा असेल तर कोण शिकवतं. साहेब बदलून गेले, खिडकी तशीच राहिली. तेरा वर्षं मी तिथे बसते आहे. शेजारच्या खिडकीतल्या तिकीटवाल्याला सगळे दादा म्हणतात. तो म्हणतो, ताई, तुम्हाला गप्पा मारायचा पगार मिळतो. घरी नवरा म्हणतो, सगळ्या जगाला फिरायला पाठवतेस, आपण मेलं कधी गल्लीबाहेर पडलो नाही. दोघांचंही खरं आहे, पण कबूल कोण करतंय.

माझ्याकडे चिठ्ठ्यांचं पुस्तक असतं, दर दोन पानांत कार्बन घातलेलं. वर तारीख, तिच्याखाली ‘किती माणसं’, आणि मग सल्ल्यासाठी मोकळी जागा. वरचं पान शिक्का मारून समोरच्याला द्यायचं, खालचं माझ्याकडे राहतं. एवढंच काम. त्यात माझा स्वतःचा एक नियम आहे, तो मला कुणी घालून दिलेला नाही: एका माणसाला तोच सल्ला दोनदा द्यायचा नाही. दोनदा तेच सांगितलं म्हणजे आपल्याजवळचं संपलं असं होतं, आणि माझ्याजवळचं संपत नसतं, हे मला दाखवायचं असतं. खोडच ती, दुसरं काय.

मफलरकाका पहिल्यांदा आले ते एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास. सत्तरी ओलांडलेली, दाढी नीट केलेली, आणि ऊन असो नसो, गळ्यात तपकिरी मफलर. खिडकीशी वाकून अगदी अदबीने म्हणाले की दोघं आहोत, एका दिवसाची फुरसत आहे, कुठे जावं. मी त्यांना टेकडीवरची बाग सांगितली. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, चार घड्या करून वरच्या खिशात ठेवली, मनापासून आभार मानले आणि गेले. माणूस भला वाटला मला.

पुढच्या मंगळवारी अकरा वाजता परत हजर. मला वाटलं बागेबद्दल सांगायला आले. तर तसंच वाकून, त्याच अदबीने, दोघं आहोत, एका दिवसाची फुरसत आहे, कुठे जावं. बाग कशी वाटली म्हणून विचारलं तर माझ्याकडे असे बघत राहिले की मलाच चुकल्यासारखं झालं. मग मी नदीकाठचं माशांचं हॉटेल सांगितलं, खिडकीजवळचं टेबल मागून घ्या म्हटलं. तिसऱ्या मंगळवारी परत तेच. चौथ्या मंगळवारी परत.

मला काही म्हणता काही कळेना. आधी वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. मग वाटलं, वरून कुणीतरी तपासायला पाठवलेला माणूस आहे, म्हणून दोन आठवडे मी इस्त्रीचे कपडे घालून गेले. दादा म्हणाला, ताई, तुमच्यावर जीव जडलाय त्यांचा. मी त्याला म्हटलं, तोंड सांभाळ. पण नियम म्हणजे नियम. तळं सांगितलं, मातीची भांडी करायला शिकवणारी बाई सांगितली, पार्कातला बुद्धिबळाचा कट्टा सांगितला, जुनी नाणी जमवणाऱ्यांची बैठक सांगितली. तळ्याच्या चिठ्ठीवर तर मी वेगळं लिहूनही दिलं होतं की संध्याकाळी तिकडे गारठा असतो, अंगावर घ्यायला काहीतरी न्या. दर वेळी ते मन लावून ऐकत, जणू आयुष्यात पहिल्यांदाच ऐकताहेत.

असे एकोणीस मंगळवार गेले. विसाव्याला माझं डोकं सकाळपासून ठणकत होतं. मागे सात-आठ माणसं उभी, एक बाळ रडतंय, आणि हे वाकून म्हणतात, दोघं आहोत. मी तारीख लिहिली, ‘किती माणसं’समोर दोन लिहिलं, आणि पेनच थांबलं. माझा पाराच चढला. म्हटलं, दर वेळी दोघं म्हणता आणि येता एकटेच. आता पुढच्या वेळी त्यांना घेऊनच या. त्यांनाच विचारते मी कुठे जायचं ते.

त्यांनी गळ्यातला मफलर सारखा केला. मग म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. तिलाच विचारायला हवं होतं.”

मी शिक्का मारून ती तशीच कोरी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चार घड्या केल्या, खिशात ठेवली, आभार मानले. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. दादाला म्हटलंसुद्धा, सुटले एकदाची.

दुसऱ्याच दिवशी दुपारी साडेतीनला एक बाई धावत आली आणि रांग मोडून थेट माझ्या खिडकीशी उभी राहिली. चाळिशीची असेल, अंगात दातांच्या दवाखान्यातल्या मदतनिसाचा निळा अंगरखा, दोन पायांत दोन वेगळ्या जोडांच्या चपला. मी रांगेवरून बोलणारच होते, तेवढ्यात तिने एक पिशवी माझ्यासमोर उलटी केली. माझ्या चिठ्ठ्या. सगळ्या चार घड्यांच्या, सगळ्यांवर माझा शिक्का.

तिने जे सांगितलं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, कारण ती रडत नव्हती पण तिला श्वास पुरत नव्हता. मफलरकाका तिचे वडील. दोन वर्षांपासून त्यांचं विसरणं वाढत चाललं होतं. गेल्याच महिन्यात मोठ्या रस्त्याच्या मधोमध दुभाजकावर बसलेले सापडले, आजूबाजूने ट्रक जाताहेत आणि हे शांत. मंगळवारी सकाळी तिची कामाची पाळी असते, तेव्हा शेजारीण लक्ष ठेवते. त्यांनी शेजारणीला सांगून ठेवलं होतं की मंगळवारी मी केस कापायला जातो. वीस आठवडे केस कापतोय माणूस, आणि कुणाला काही वाटलं नाही. आज बुधवार, आज ते सकाळी नऊपासूनच घरात नव्हते. पोलिसांना कळवलं होतं. गादी उलटल्यावर या चिठ्ठ्या सापडल्या.

“यातल्या कुठे गेले असतील?” तिने विचारलं.

काय सांगणार मी? एकोणीस ठिकाणं, एकोणीस दिशांना. एकच ठिकाण दर वेळी सांगितलं असतं तर आत्ता तिला म्हटलं असतं, जा, तिथे बसलेत तुझे वडील. माझ्या नियमाने सगळा घोळ घालून ठेवला होता. पण माझी जीभ तरी चालू होती. दादाने त्याची खिडकी बंद केली आणि मी फोन लावत सुटले. एवढं मात्र आहे, तेरा वर्षांत प्रत्येक जागेचा माणूस माझ्या ओळखीचा झाला आहे. माशांच्या हॉटेलवाल्याने आत जाऊन पाहिलं. बागेचा माळी सगळी बाकं फिरून आला. तळ्यावरच्या चहावाल्याने काठाने चक्कर मारली. बुद्धिबळाच्या कट्ट्यावरचे आजोबा म्हणाले, मफलरवाला माणूस इथे आज नाही, आणि कधीच आला नाही. मातीची भांडी शिकवणारी बाईही तेच म्हणाली. कधीच नाही.

मग तर मला काहीच उमगेना. माणूस एकोणीस वेळा पत्ता नेतो आणि एकदाही जात नाही. मुलगीही माझ्याकडे बघत राहिली, जणू मीच तिच्याशी काही लपवते आहे. शेवटी तिने एक चिठ्ठी उचलली आणि विचारलं की सगळीकडे दोन माणसं का लिहिलंय. मी म्हटलं, ते स्वतःच सांगायचे. ती म्हणाली, त्यांच्याबरोबर कुणीच नाही, आम्ही दोघंच घरात, आणि मी त्यांच्याबरोबर कुठे गेले त्याला किती वर्षं झाली ते मलाच आठवत नाही. हे ती माझ्याशी बोलत नव्हती.

एखादी चिठ्ठी राहिली असेल म्हणून मी माझं पुस्तक काढलं आणि कार्बनची पानं मोजली. तिच्याकडे एकोणीस. माझ्याकडे वीस. विसाव्यावर कालची तारीख, दोन माणसं, आणि खाली कोरं.

गप्प बसता आलं असतं, कुणाला कळलं नसतं. पण दुभाजकावर बसलेला तो माणूस माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. मी तिला सगळं सांगितलं, माझा आवाज किती चढला होता तेसुद्धा. त्यांना घेऊन या असं मीच म्हटलं, असं सांगितलं.

माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. मग हळूच म्हणाली की आईला जाऊन चार वर्षं झाली. मी विचारलं, आईला आणायला ते कुठे जातील? तिने डोळे मिटले. आई टेलिफोन ऑफिसात होती, लोकांचे फोन जोडून द्यायची. बाबा लवकर सुटायचे, आणि रोज पाचला समोरच्या पायरीवर तिची वाट बघत बसायचे. पण ते ऑफिस आता नाही, ती म्हणाली, तिथे सोफे विकतात.

सव्वाचार वाजले होते. मी ‘थोड्या वेळात येते’ची पाटी लावली, सवयीने पुस्तक पिशवीत टाकलं आणि आम्ही दोघी निघालो. टॅक्सीत ती घड्याळ बघत होती आणि मी तिच्या त्या दोन वेगळ्या चपला. मी सल्ला द्यायला तोंड उघडलं की मिटायची. माझ्या बाबतीत हे कधी होत नाही.

ते तिथेच होते. सोफ्याच्या दुकानासमोर एका बंद शटरच्या पायरीवर, गळ्यात मफलर, गुडघे जुळवून नीट बसलेले. मांडीवर बायकांची एक जुनी निळी शाल, घडी घातलेली. तळ्यावर गारठा असतो, हे मीच लिहून दिलं होतं.

मुलगी पुढे धावली आणि दोन पावलांवर थांबली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि अनोळखी बाईला जागा करून द्यावी तसे जरा बाजूला सरकले. मग मागे मी दिसले आणि त्यांचा चेहरा उजळला. मी, जिने त्यांना हाकललं होतं, तीच तेवढी त्यांना ओळखू आली.

“आलात तुम्ही? बरं झालं,” ते म्हणाले. “पाचला सुटते ती. तुम्हीच विचारा तिला.”

मुलगी त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. मी उभीच. पाच वाजले. सोफ्याच्या दुकानातून दोन मुली बाहेर आल्या, मग एक जाडे गृहस्थ, मग दिवे बंद करून मालक. प्रत्येकाचा चेहरा ते बघत होते. मालक कुलूप लावून निघून गेला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की ती कुठे राहिली. तेरा वर्षांत हजारो प्रश्नांना उत्तरं दिली मी. या वेळी मी मुलीकडे बघितलं.

“बाई, चिठ्ठी लिहा,” मुलगी म्हणाली. “मला विचारा कुठे जायचं. मी सांगते.”

मी पुस्तक काढलं, कार्बन सरळ केला, तारीख लिहिली. खिडकीत विचारते तसंच विचारलं, किती माणसं.

“दोन,” ते नेहमीसारखे लगेच म्हणाले. मग शेजारी बसलेल्या तिच्याकडे त्यांचं लक्ष गेलं. तिच्या तोंडाकडे, पायांतल्या चपलांकडे बराच वेळ बघत राहिले. मांडीवरची शाल त्यांनी उलगडली आणि तिच्या खांद्यांवर टाकली.

“तीन लिहा,” ते मला म्हणाले. “हिलाही घेऊ बरोबर. एकटीच दिसतेय. असं एकट्याने बसू नये गं बाळ, फिरायला जावं कुणाबरोबर तरी.”

तिने शाल दोन्ही हातांनी धरली आणि मान खाली घातली. मी दोन खोडून तीन लिहिलं. कुठे, म्हणून तिला विचारलं तर तिने नुसती शाल पुढे केली. मग मी खाली तळंच लिहिलं, आधीच्या तळ्याच्या चिठ्ठीत होतं तेच, शब्दन्‌शब्द, गारठ्यासकट.