यंदा केरबा सूर्य

"आगं पर, सूर्याला मारायलाच पायजे का?" अंगाला पिवळा रंग फासून बसलेल्या केरबातात्यानं विचारलं.

"तात्या, मरतोच की त्यो. पाच अब्ज वर्सांनी." अंकिता कराडला इंजिनिअरिंग शिकत होती. गावच्या गणपती मंडळाचा यंदाचा सजीव देखावा, विश्वाचा जन्म आणि शेवट, तिनंच लिहिला होता.

"पाच अब्ज वर्सं हायती, मग आजच कशाला घाई?"

"आपला देखावा वीस मिंटाचाच हाय!"

केरबातात्या वर्षभर गावाला नळाचं पाणी सोडायचा आणि गणपतीत मरायचा. कधी मावळा होऊन, कधी राक्षस होऊन. मरायचा तोही असा झकास, की नाकावर डास बसला तरी हलायचा नाही. गावाला केवढं कौतुक! नव्हतं ते एकट्या अंबूबाईला. लग्नाच्या पहिल्या साली नवऱ्याला रक्तानं माखून पडलेला बघितलं आणि तिनं भर गर्दीत हंबरडा फोडला. लोक पोट धरून हसले. त्यानंतर ती देखाव्याकडं कधी फिरकली नाही. "कपाळाला कुकू लावून तुमचं मडं बघाया येऊ व्हय?" म्हणायची.

यंदा सूर्याचं काम मिळालं तसा तात्या हरखून घरी गेला होता. "आता तरी ये. सूर्य कवा मरतोय व्हय?" आणि बाई कबूल झाली होती! शेवटाचं मात्र त्याला आत्ता कळत होतं, आणि ती तर पुढच्या रांगेत येऊन बसलेली. तिला सांगावं कसं, म्हातारा पार गडबडला. तेवढ्यात पडदा वर गेला.

आधी नुसता काळोख. मग हलगी कडाडली, लख्ख उजेड पडला. विश्व जन्मलं! तारे झालेली पोरं चहूकडं पळत सुटली. पृथ्वी झालेली पूजा गिरक्या घेत तात्याभोवती फिरली आणि तात्या असा काही तळपला, की अंबूबाईनं शेजारणीला कोपर मारलं. "आमचं मालक हायती त्ये!"

"शेवटी सूर्य फुगतो, लाल होतो आणि विझतो," अंकिता माईकवर म्हणाली.

तात्यानं एकदा पुढच्या रांगेकडं बघितलं, पण तो विझला. अगदी मन लावून विझला. मग एकेक तारा खाली बसला, दिवे गेले. "आता विश्वात काहीच उरलं नाही."

त्या अंधारात बांगड्या वाजल्या. कुणीतरी चाचपडत स्टेजवर चढत होतं.

"आवं," अंबूबाईचा आवाज आला, "कुठं हायसा? बोला की, आवं!"

तात्या उठून बसला.

"हाय गं, हाय," काळोखातून सूर्य बोलला. "हितंच हाय. दमानं ये, पायात वायरी हायती."

हसू आणि मोरयाचा गजर एकदमच उसळला. दिवे लागले तेव्हा अंबूबाई तात्याचा हात घट्ट धरून बसली होती. पुढच्या खेळाची माणसं येऊन बसली तरी ती काही उठेना. शेवटी अंकितानं तसाच पडदा वर घ्यायला लावला. त्या खेळाला विश्व सुरू झालं, तेव्हा काळोखात आधीपासूनच दोघं बसलेली होती.