उजव्या गिरकीला मरणारी गाडी

माझी बायको फुमेझा आठवडाभर कारखान्यात मोटारींच्या सीटा शिवते आणि रविवारी आमच्या म्दांत्साने वस्तीच्या मैदानावर गाडी गरागरा फिरवायचा खेळ खेळते. टायरांचा धूर आकाशाला भिडतो आणि मी कुंपणाला लटकून घसा फाटेपर्यंत ओरडतो. नवरा म्हणून एवढंच काम माझ्याकडे.

गाडी जुनी, चौकोनी चेहऱ्याची. आमच्याकडे तिला गुशेशे म्हणतात. गेल्या हिवाळ्यात आम्ही तिला टर्बो बसवला. ताकद अशी वाढली की पहिल्याच दिवशी फुमेझा हसत हसत खाली उतरली. पण पुढच्या रविवारी, भर मैदानात, गिरकी रंगात आली असतानाच इंजिन खोकलं, अडखळलं आणि बंद पडलं. कुंपणापलीकडून कोणीतरी ओरडलं, "ए सूनबाई, घरी जा! सासऱ्याचा चहा उतू गेला!"

सगळं मैदान हसलं. फुमेझाने गाडी ढकलत बाहेर काढली, पण मान खाली घातली नाही.

जो तो म्हणाला, पेट्रोलचा पंप गेला. आम्ही पंप बदलला. गाडी पुन्हा मेली. मग म्हणाले, फिल्टर तुंबला असेल. तोही बदलला. तरी तेच. शेवटी लोक म्हणायला लागले, याहून मोठा पंप घाला.

"नाही," फुमेझा म्हणाली. "आता अंदाजाने एक नटसुद्धा फिरवायचा नाही. आधी मोजू."

एका शनिवारी मैदान रिकामं होतं. तिने पेट्रोलच्या नळीला प्रेशरचं मीटर जोडलं आणि ते काचेच्या बाहेर, वायपरपाशी घट्ट बांधलं. गळती झाली तर पेट्रोल आत नको. इंजिन सुरू केलं. काटा तीनवर, स्थिर. मग टाकीकडे परत जाणारी नळी तिने पकडीने क्षणभर दाबली. काटा झपकन वर चढला.

"बघ, पंपात दम आहे," ती म्हणाली. दिवे आणि पंखा लावून तिने पंपाच्या वायरीतली वीजही मोजली. भरपूर होती.

"मग दुखतंय कुठे हिला?" मी विचारलं.

"उभ्या गाडीला काहीच दुखत नाही, लुंगिसा. फिरतानाच बघायला हवं. मी गाडी फिरवते, तू शेजारी बसून काटा वाच."

मी बसलो. थोड्याच गिरक्यांत मी डोकं खिडकीबाहेर काढून सकाळचा नाश्ता मैदानाला अर्पण केला. काटा कुठला, मला माझे गुडघेसुद्धा दिसत नव्हते.

नेमके तेव्हा तिथे माझे वडील आले होते, आम्हाला जेवायला बोलवायला. ताता कधी मैदानावर यायचे नाहीत. आपली सून लोकांसमोर धुरात फिरते, हे त्यांना पटत नव्हतं. तोंडाने ते काही बोलत नसत, पण रविवारी आम्ही निघालो की रेडिओचा आवाज मोठा करत. मला ओकताना पाहून ते जवळ आले.

"बाजूला हो," ते मला म्हणाले. "बंदरात टगबोटीवर हयात गेली माझी. समुद्राने मला आडवं केलं नाही, ही गाडी काय करणार?" त्यांनी हॅट काढून माझ्या हातात दिली आणि ते पट्टा लावून बसले. "मामपिंगा, काय वाचायचं ते सांग."

आमच्यात सुनेला तिच्या माहेरच्या कुळाच्या नावाने हाक मारतात; मपिंगांची लेक ती मामपिंगा.

"तो काटा, ताता. मोठ्याने वाचा."

ती डावीकडे फिरू लागली. इंजिनाने जोर धरला की काटा तीनवरून थोडा वर चढतो. धुरातून तातांचा आवाज येत होता, बोटीवरून किनाऱ्याला हाक मारावी तसा: "चार! चार! अजून चार!"

मग तिने दिशा बदलली. "चार! तीन! दोन... मामपिंगा, एक!" गाडी खोकली आणि मेली.

पुन्हा डावीकडे, ठणठणीत. पुन्हा उजवीकडे, खलास.

फुमेझाने मागे वळून टाकीच्या दिशेने पाहिलं. मग म्हणाली, "उजवीकडे फिरलं की टाकीतलं पेट्रोल डाव्या भिंतीवर चढतं. पंपाचं तोंड उजव्या कोपऱ्यात. बिचारा हवा पितोय, ताता! आधी इंजिनाची भूक कमी होती म्हणून निभावलं. टर्बो आल्यापासून त्याला दम धरवत नाही."

"खरं की तुझा अंदाज?" तातांनी विचारलं.

"तेही बघू." तिने टाकी काठोकाठ भरली आणि ती परत उजवीकडे फिरली. "चार! चार!" ताता ओरडत होते, काटा हलत नव्हता.

"मग भरूनच खेळ की," मी म्हणालो.

"मागचं वजन वाढतं. आणि खेळ अर्ध्यावर आला की टाकी पुन्हा उतरलेली."

तिने कागदावर एक छोटी टाकी काढली. मोठ्या टाकीतला पंप ती सतत भरलेली ठेवेल आणि इंजिन तिच्यातूनच पिईल, दुसऱ्या पंपाने. गल्लीतल्या वेल्डरकडून ती बनवून घेतली आणि डिकीत बसवली. नळ्या तिने स्वतः जोडल्या. ताता टॉर्च धरून उभे राहिले आणि त्यांनी नळ्यांचा प्रत्येक क्लॅम्प ओढून बघितला.

वसंतातल्या मोठ्या स्पर्धेला सगळी वस्ती लोटली होती. फुमेझाने सुरुवातच उजव्या गिरकीने केली. कुंपणाशी लोक वाट बघत होते, आता खोकेल, आता मरेल. गाडी गर्जत राहिली. मग फुमेझा दारातून अर्धी बाहेर आली, एक हात स्टिअरिंगवर, दुसरा हवेत, आणि गाडी तिच्याभोवती भोवऱ्यासारखी फिरत राहिली. टायर फुटले तेव्हा कुठे ती थांबली.

ताता कुंपणाशी पडलेल्या एका पेटीवर चढले आणि तिच्या कुळाची मानाची नावं गर्जून घेऊ लागले: "मामपिंगा! मावावा! सिन्तिला!" आजूबाजूच्या बायकांनी किलकाऱ्या मारल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुराने, असं मी सगळ्यांना सांगितलं.

दुसरा नंबर आला तिचा. पहिला आलेला मुलगा तिची डिकी बघायला आला आणि त्या छोट्या टाकीपुढे उकिडवा बसला.

"बाबा, ही कोणाची मुलगी?" त्याने तातांना विचारलं.

"मपिंगांची," ताता म्हणाले. "पण गाडी आमच्या अंगणात उभी असते."