पश्चिमेची खोली

घरात तिला सगळे ‘छत्री’ म्हणत. दादाच्या लग्नात पाऊस येणार नाही, असं हवामान कार्यालयात नव्यानेच लागलेल्या या धाकट्या बहिणीने छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि नवरदेवासकट सगळे पाहुणे ओलेचिंब झाले. त्या एका चुकीवर दादा आयुष्यभर दात काढत राहिला. तिचे पुढचे सगळे बरोबर आलेले अंदाज त्याच्या खिजगणतीतही नव्हते.

चक्रीवादळ आलं तेव्हा ती कार्यालयात होती. गरम समुद्रावर पोसलेलं ते धूड किनाऱ्याला लागलं आणि पूर्वेच्या वाऱ्याने दादाच्या घराच्या खिडक्या फुटल्या. अंथरुणाला खिळलेल्या आईला दादा-वहिनीने पलंगासकट पश्चिमेच्या खोलीत हलवलं. इथवर त्यांचं काही चुकलं नव्हतं.

मग वारा पडला. ढगांच्या गोल भिंतीमधलं रिकामं भोक, वादळाचा डोळा, नेमका घरावर आलेला तिने पडद्यावर पाहिला. तिने फोन लावला.

“दादा, वादळ गेलेलं नाही, तुम्ही त्याच्या मधोमध आहात. आता पलीकडची भिंत येईल आणि वारा पश्चिमेकडून सुटेल. आईला आधी पूर्वेच्या खोलीत ने.”

“छत्री, बाहेर ऊन पडलंय. तिकडे काचांचा खच आहे, त्यात आईला नेऊ? जमिनीवर आलं की वादळ मरतं, हे तूच सांगायचीस ना?”

“मरतं, पण लगेच नाही रे.”

तो हसला. मागून वहिनीचा आवाज आला, ऐका ना तिचं, मी काचा झाडून घेते. दादाने दोघींनाही उडवून लावलं आणि छपराचे पत्रे बघायला बाहेर गेला.

वारा उलटला तेव्हा पश्चिमेची भिंत पलंगावर कोसळली. आई जागीच गेली.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दादा सांगत होता, की घरातलंच माणूस त्या खात्यात असून आम्हाला कुणी धड सावध केलं नाही. वहिनी खाली मान घालून ऐकत होती. शेवटी धाकटीला राहवलं नाही.

“दादा, मी फोन केला होता.”

“केला होतास.” रडून त्याचा आवाज बसला होता. “पण मी तुझं कधी ऐकलंय का? मग फोन वहिनीकडे का नाही द्यायला लावलास?”

तिला त्याचा भयंकर संताप आला. त्याहून वाईट म्हणजे, त्याचं म्हणणं तिला पटलं.