परत आलेला दगड

खाणीतून गेलेला दगड कधी माघारी येत नाही. आमच्या अक-ताशच्या खाणीत तरी तोवर आला नव्हता. पण त्या वर्षी, साखर कारखान्याचा हंगाम ऐन भरात असताना, चुनखडीने भरलेल्या मालगाडीच्या दोन वाघिणी जशाच्या तशा परत आल्या.

वाघिणी भरायचं काम उलकानचं. ती दांडा ओढून झडप उघडायची आणि वरचा दगड धडधडत खाली यायचा.

"दगडांना माहेरची आठवण आली असेल," मुकादम ओसमोन म्हणाला.

"चेष्टा पुरे, दादा. काय खोट काढली कारखानावाल्यांनी?"

"चुरा फार आहे म्हणे."

"साखरेत घालायचाय ना? अंगठीत बसवायचाय थोडाच!" उलकान तणतणली आणि मध्येच थबकली. "पण काय हो, साखरेत दगड घालतात तरी कशाला?"

इतकी वर्षं गाड्या भरल्या, पण दोघांनीही कधी कुणाला हे विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती कारखान्याला निघालेल्या गाडीच्या इंजिनाशी जाऊन उभी राहिली. चालक तुर्दुबाय तिच्या नवऱ्याचा मामा.

"सूनबाई, ही दगडाची गाडी आहे, वरातीची नव्हे."

"मामा, ताजी रोटी आणलीय. वाळवलेल्या दह्याचं कुरुतही आहे."

"मग खाली काय उभी राहिलीस?"

कारखान्यातली चुनाभट्टी झिनाइदा नावाच्या धिप्पाड बाईच्या ताब्यात होती. "चुरा पाठवणारी ती तूच का?" तिने पहिलाच प्रश्न केला.

"आणि नाकं मुरडणारी ती तूच वाटतं!"

झिनाइदा मोठ्याने हसली. तिने उलकानला भट्टीच्या भोकाशी नेलं आणि डोळ्यांपुढे निळी काच धरली. आत एक बाजू रसरसत होती, दुसरी काळवंडली होती.

"दगडांच्या फटींतून वारा वर चढतो. तुझ्या चुऱ्याने फटी बुजल्या, की आग गुदमरते."

दांडा ओढताना आपण कधी खाली वाकूनसुद्धा बघितलं नाही, हे उलकानच्या मनाला लागलं.

मग झिनाइदाने तिला, ज्यापासून इथे साखर करतात, तो बीटचा रस दाखवला. गटाराच्या पाण्यासारखा काळा. त्यात पाण्यात कालवलेल्या चुन्याचं दूध पडलं, भट्टीतलाच वायू बुडबुडत गेला. काचेच्या भांड्यात पांढरट गाळ हळूहळू खाली बसला आणि वर उरला नितळ, पिवळसर रस.

"हा गाळ कसला?"

"चुनखडीच. भट्टीत चुना आणि वायू वेगळे झाले, इथे पुन्हा भेटले. तळाशी जाताना घाण घेऊन गेले."

"म्हणजे माझाच दगड?"

"तुझाच."

उलकानने चिमूटभर गाळ बोटांत चोळला. "पुन्हा एकदा दाखव ना, ताई."

बाहेर तुर्दुबायने भोंगा वाजवला, परत वाजवला आणि वैतागून निघून गेला. ती दुसऱ्या गाडीच्या रिकाम्या वाघिणींबरोबर घरी आली.

आल्या आल्या तिने ओसमोनच्या मागे लकडा लावला. तो कुरकुरला, पण शेवटी जुन्या रुळांची जाळी झडपेखाली बसली. चुरा खाली गळून रस्त्याच्या कामाला जाऊ लागला, आणि त्या हंगामात पुन्हा एकही वाघीण परत आली नाही.

हिवाळ्यात गाड्या थांबल्यावर उलकानने तुर्दुबायला गाठलं. "मामा, त्या भट्टीत दगडाबरोबर काळा कोक टाकतात, तो भाजलेला दगडी कोळसा. तो कुठून येतो?"

"उत्तरेकडून. लांब आहे."

"तुमचं इंजिन जातं तिथवर?"

"नाही बाई."

मग तिने उत्तरेचं तिकीट काढलं.