सोमवारची हजेरी

"जेवढं डोळ्यानं बघितलंस, तेवढंच बोलायचं, मीने. आणि एकदा बोललीस की त्यातनं माघार न्हाय."

बापाचं हे बोलणं मीनाबाईंना रोज सकाळी मेणबत्ती लावताना आठवायचं. आजही आठवलं. त्यांनी काडी ओढली, ज्योत उभी राहीपर्यंत तळव्याचा आडोसा केला आणि मागं न बघताच म्हणाल्या,

"आत ये. उंबऱ्यात बसू नगंस."

बाळासो आत आला. आडमाप गडी, पण या घरात शिरताना चौकटीला डोकं लागत नसतानाही वाकायचा. नेहमीच्या चटईवर त्यानं मांडी घातली. चटई अशा जागी होती की तिच्यावर बसणाऱ्याला मान वर केली की समोरच्या भिंतीवरचा प्रसेनजीत दिसायचा. शिरोलीच्या फौंड्रीत नोकरी लागल्यावर घेतलेली नवी मोटरसायकल, तिच्या हँडलवर हात, आणि फोटो काढणाऱ्याला घाई करणारं हसू. मीनाबाईंचा तो एकुलता एक मुलगा.

बाळासोनं मान खालीच ठेवली.

मीनाबाईंनी बुद्धापुढं हात जोडले. त्रिशरण झालं, पंचशील झालं. बत्तीस वर्षांत त्यांनी एक सकाळ चुकवली नव्हती. पोराला मातीआड केलं त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा नाही. आवाज मऊ, शब्द स्वच्छ. फक्त शेवटी, सगळ्या प्राण्यांचं कल्याण चिंतायची ओळ आली की हल्ली त्यांचे ओठ नुसते हलायचे. त्यातून आवाज येत नसे.

मग त्या वळल्या आणि फोटोखाली भिंतीला टेकून बसल्या.

"सांग. काय म्हणाला त्यो?"

बाळासो बोटानं चटईची एक काडी उसवत राहिला.

प्रसेनजीत गेला त्या दिवशी उसानं भरलेली ट्रॉली घेऊन बाळासो कारखान्याकडं निघाला होता. ओढ्यावरच्या मोरीपाशी पुढं चाललेल्या मोटरसायकलनं बाजू दिली नाही. बौद्धवाड्यातलं पोर, नवी गाडी, आणि पाटलाच्या हॉर्नला मागं वळूनसुद्धा बघत नाही. बाळासोनं ट्रॅक्टर थांबवला, रॉड घेतला आणि उतरला. ओढ्यापलीकडच्या रानात मीनाबाई भांगलत होत्या. खुरपं हातात तसंच राहिलं.

कोर्टात जायच्या आधी वकिलानं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, तीन-चार वार म्हणा, जन्मठेप पक्की. पिंजऱ्यात उभं राहिल्यावर विचारलं, किती वार केले? मीनाबाई म्हणाल्या, "एक." सगळं कोर्ट त्यांच्याकडं बघत राहिलं. एका वाराचा, रागाच्या भरातला सदोष मनुष्यवध ठरला, आणि जन्मठेपेच्या ठिकाणी दहा वर्षं झाली. त्यातली काही काढल्यावर चांगल्या वागणुकीमुळं बाळासो कळंब्याच्या जेलमधून लवकर बाहेर आला. अट एवढीच होती की उरलेली वर्षं देखरेखीखाली काढायची, दर सोमवारी हजेरी द्यायची, शिवेबाहेर परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. अट मोडली की परत आत.

पहिल्यांदा ही हजेरी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात असायची. मग सरकारनं हे काम आपल्या अंगावरून उतरवून काही गावांत ग्रामपंचायतीच्या हवाली केलं. आपला माणूस आपणच सांभाळा, अशी त्यामागची भाषा. ग्रामसेवकानं सभेत ते वाचून दाखवलं, तेव्हा उपसरपंच गणपतराव, म्हणजे बाळासोचे सख्खे चुलते, मांडीवर थाप मारून म्हणाले होते,

"झालं की! घरचंच काम. सरपंचबाई, तुमी काय डोसक्याला तरास करून घेऊ नगा. आमी सांगू तितं अंगठा हाणायचा."

"मला सही येती, दादा," मीनाबाई म्हणाल्या.

सरपंचपदाची जागा राखीव झाली तेव्हा त्यांना उभं केलं होतं ते गणपतरावांनीच. बोलत नाही, भांडत नाही, पूजाअर्चा भली आणि आपण भली. शिवाय कोर्टात खरं बोलून जिनं आपला पुतण्या वाचवला, ती बाई म्हणजे गरीब गाय, असं त्यांनी धरलं होतं.

त्या गायीनं सभेत मान वर केली. "सोमवारी ग्रामसेवक भाऊसाहेब तालुक्याला असत्यात, पंचायतीला कुलूप. हजेरी सरपंचाम्होरं हाय, तवा माझ्या घरी हुईल." मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या बाळासोकडं वळून त्या म्हणाल्या, "तुजी शिक्षा सरंपर्यंत एक सोमवार चुकू देणार न्हाय मी. शबुद हाय माजा."

"बघा," गणपतराव हसत म्हणाले, "आईच्या वर काळजी घेत्यात."

पहिल्या सोमवारी त्यांनी एकच विचारलं. त्या दिवशी माझ्या पोरानं शर्ट कुठला घातलेला?

"आठवत न्हाय."

"आठव. मला घाई न्हाय."

ऊन अंगणातून उंबऱ्यावर आलं तेव्हा बाळासो बोलला. "निळा. चौकड्याचा."

मीनाबाईंनी मान हलवली. तो शर्ट आदल्या दिवशी त्यांनीच धुऊन वाळत घातला होता.

मग दर सोमवारी एक. रॉड कुठल्या हातात होता? गाडी चालू होती की बंद? तुझ्याकडं बघून तो हसला होता का? पहिले काही सोमवार बाळासो तोऱ्यात बसायचा, पुढं ठेवलेल्या पाण्याच्या तांब्याला शिवायचा नाही. पावसाळा संपता संपता तो पाणी प्यायला लागला. दिवाळीनंतर त्याच्या डोळ्यांखाली काळं धरलं. ज्या घरात त्याच्या घराण्यातलं कुणी कधी टेकलं नव्हतं, तिथं बसून तो एका पोराचा शेवटचा दिवस तुकड्या-तुकड्यानं त्याच्या आईला परत करत होता. सगळा झाला. एवढाच तुकडा राहिला.

"तू खाली वाकलास," मीनाबाई म्हणाल्या. "त्याचं ओठ हललं. मी वड्यापल्याडनं बघितलं. काय म्हणाला?"

"पाणी मागितलं असंल."

"असंल न्हाय. ऐकलंस तेवढंच बोल."

बाळासोच्या हातातली काडी तुटली. आज पहिल्यांदा त्यानं मान वर केली, पण भिंतीकडं नाही, मीनाबाईंकडं.

"मावशी, मला परत आत धाडा."

मीनाबाईंनी पदर सारखा केला. जन्मात कधी या पोरानं त्यांना मावशी म्हटलं नव्हतं. 'ए मीने' म्हणायचा, मिसरूड फुटायच्या आधीपासून.

"तितं घंटा झाली की डोळा लागायचा. सतरंज्या इणायच्या, गप पडायचं. हितं एक सोमवार गेला की दुसरा दिसाय लागतोय. काय बी कळवा. दारू पिऊन आला म्हणा."

"तू पिऊन आलायस?"

"न्हाय."

"मग मी कसं कळवू?"

तो उठला. चौकटीला हात टेकून बाहेर पडला.

पुढच्या सोमवारी मेणबत्ती निम्मी जळली तरी चटई रिकामीच. मीनाबाईंनी पंचशील पुरं केलं. वळून फोटोखाली बसल्या आणि रिकाम्या चटईकडं बघत राहिल्या. दारात सावली पडली. गणपतराव होते. टोपी हातात, आणि धापा टाकत होते. ते आत आले नाहीत.

"सरपंचबाई, घोटाळा झाला. बाळासो पहाटेच मोरी वलांडून शिवंच्या पल्याड जाऊन बसलाय. तुमी भांगलत हुता न्हवं, त्या बांधावर. म्हणतोय, सरपंचाला सांगा, मी अट मोडली, जेलला कळवा. येडं लागलंय त्याला. आनी चार जणांनी बघितलं, आता झाकायचं कसं?"

आतून मीनाबाईंची मुलगी निशा आली. तिच्या हाताला पीठ होतं.

"झाकायचं कशाला?" ती म्हणाली. "आई, कळव. ह्याच दिसाची वाट बघत हुतीस की. त्यानंच तुज्या हातात दिलंय."

गणपतरावांनी निशाकडं बघितलं, मग मीनाबाईंच्या पायांकडं. "तुमचं बरोबर हाय. मी तुमच्या जागी असतो तर मी बी… पर त्याची म्हातारी जगायची न्हाय, बाई. पाया पडतो."

पाटलाची पाठ दारात वाकली. मीनाबाईंनी ती पुरती वाकू दिली.

"मोरी वलांडताना त्याला मी न्हाय बघितलं, दादा," त्या मग हळू आवाजात म्हणाल्या. "बघीन तवा त्याला माजी परवानगी असंल. अट मोडली न्हाय त्यानं."

गणपतराव डोळे पुसून म्हणाले, "लय उपकार झालं. देवमाणूस हाय तुमी. त्याला सांगतो, घरी आणतो."

"तुमी नगा जाऊ. मी जाते. आजची हजेरी राहिलीया."

ते गेल्यावर निशा पुढं आली. "आई, दादाला मारलं त्यानं. एक ओळ लिहिलीस तर आत जाईल."

"आत त्याला झोप लागती," मीनाबाई म्हणाल्या.

निशा आईच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं पिठाचे हात पदराला पुसले आणि स्टूल आणून भिंतीजवळ ठेवलं.

मीनाबाईंनी प्रसेनजीतचा फोटो खिळ्यावरून काढला. भिंतीवर त्याच्या जागी उजळ चौकोन राहिला. काचेवर फुंकर मारून त्यांनी ती पदरानं पुसली, फोटो पांढऱ्या ओढणीत गुंडाळला. चटईची गुंडाळी काखेत घेतली. तांब्या भरून वर फुलपात्र पालथं घातलं.

बौद्धवाड्यातून मोरीकडं जायला दोन वाटा होत्या, एक मागच्या पांदीतून आणि दुसरी पाटील गल्लीतून. पायात चपला सरकवून मीनाबाई पाटील गल्लीला लागल्या. कट्ट्यावर बसलेली माणसं बोलायची थांबली. त्या रस्त्याच्या मधून चालत होत्या, घाई न करता, तांब्यातलं पाणी हिंदकळणार नाही एवढ्याच बेतानं.

ऊन अजून वर यायचं होतं. सोमवार पुष्कळ शिल्लक होता.